रेफ्रीची आई

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले की आमच्या पेठेत ऑइलपेंटचा वास सुटतो. तालमीच्या भिंतीवरचा जांभळा-पांढरा पट्टा पोरं दरवर्षी नव्यानं रंगवतात, त्याचा. नदीपलीकडच्या गुऱ्हाळांवरनं काकवीचा गोडूस वास येतो तो त्यात मिसळतो, आणि कट्ट्यावर दूध काढायला आणलेल्या म्हशींच्या शेणाचाही मिसळतो, उगाच खोटं कशाला बोला. बाकीच्या मुलखात या दिवसांना हिवाळा म्हणत असतील. आमच्याकडे हा फुटबॉलचा सीझन; तालीम म्हणजे इथं नुसता आखाडा नव्हे, पेठेचा फुटबॉल संघही. स्वेटर कपाटातनं निघायच्या आधी जर्सी निघते.

परवा पोरं शिडी घेऊन पताका बांधायला आली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, या गच्चीवरून त्या गच्चीवर दोरी. आमच्या दारात आली, वर बघितलं, आणि दोरी शेजारच्या मुश्ताकभाईंच्या कठड्यावरून थेट पलीकडच्या घरावर नेली. आमची गच्ची तेवढी मोकळी. मी चहा विचारला, तर "नगो काकी, लई काम पडलंय" म्हणून पुढं गेली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, सवय झाली आहे आता. मला मात्र दरवर्षी या पताका आमचं घर ओलांडून गेल्या की तो एक सीझन आठवतो. आमची लेक सानू, म्हणजे सानिका, मोठ्या मैदानावर मधली शिट्टी, मुख्य रेफ्रीचं काम, मिळवायला निघाली होती तो.

मी मूळची गडहिंग्लजची. तिकडंही फुटबॉलचं वेड काही कमी नाही. माझे दोन्ही भाऊ खेळायचे, आणि आम्ही मुली शाळेच्या कंपाउंडवर बसून घसा बसेपर्यंत ओरडायचो. लग्न होऊन कोल्हापुरात आले, आणि आल्या आल्या पहिल्याच सीझनला सासूबाईंनी जांभळी साडी हातात दिली. "आता ही आपली तालीम," म्हणाल्या. मी म्हटलं, बरं. तुझी आधीची टीम कुठली होती ग, असं मला कोणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नसणार. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पुढं या घरात जे झालं, त्या वेळी मला ते फार आठवलं, म्हणून सांगते.

आमचे दिनकरराव फौंड्रीत कामाला. तिथल्या खडखडाटात घडलेला त्यांचा आवाज, त्यामुळे घरात "मीठ दे" म्हटलं तरी शेजारी मीठ घेऊन येतील. तालमीच्या कमिटीत त्यांचं नाव, गॅलरीत त्यांची ठरलेली जागा, शेजारी हलगी घेऊन मुश्ताकभाई. मुश्ताकभाईंचं शिलाईचं दुकान, पेठेचे सगळे झेंडे त्यांच्याच मशीनवर शिवलेले. आणि आमच्या ह्यांची एक आरोळी सगळ्या स्टेडियमला पाठ होती. निकाल विरुद्ध गेला की हे उभे राहायचे आणि पोटातून ओरडायचे, "ए रेफ्रीऽऽ! तुझ्या आईनं तुला काय बघून जन्माला घातलं रंऽऽ!" ही आपली छापण्यासारखी आवृत्ती. लोक हसायचे, हलगी कडाडायची, हे कॉलर ताठ करून खाली बसायचे. मीही हसायचे. रेफ्रीला आई असेल आणि ती कुठंतरी बसून भाजी निवडत असेल, असं कशाला मनात येतंय?

सानू गल्लीत पोरांबरोबर खेळून वाढली. कॉलेजच्या संघात गेली, बरं खेळायची, आणि एका दुपारी गुडघा गेला. डॉक्टरांनी खेळ बंद सांगितला; नुसतं पळणं चालेल, धक्काबुक्की नको. पोरगी कितीतरी दिवस भिंतीकडं तोंड करून पडून होती.   आणि मग एके दिवशी जेवताना म्हणाली, "मी रेफ्रीची परीक्षा देणाराय."

ह्यांचा भाकरीचा घास हातातच राहिला. "रेफ्री? आमच्या घरात? आगं, आख्खं गाव आमच्या घराला शिव्या घालंल की!"

"घालू देत की. तुमी घालायचं सोडलं की एक कमी हुईल."

मी पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्तानं आत जाऊन हसून घेतलं.

तिला नुसतं रेफ्री व्हायचं नव्हतं. लाइनवर झेंडी घेऊन पळायचंही नव्हतं. भरलेल्या गॅलरीपुढं, मोठ्या मैदानाच्या बरोबर मध्ये उभं राहून तिला शिट्टी वाजवायची होती. आमच्या आठवणीत तिथं कुणा मुलीनं मधली शिट्टी वाजवली नव्हती. मी तिला एकदा विचारलंही, यात काय ग एवढं, जिंकलीस म्हणून हार नाही, हरलीस म्हणून सहानुभूती नाही. म्हणाली, "आई, माझ्या गुडघ्यावर आला ना, तो फाउल रेफ्रीनं बघितलाच नव्हता." एवढंच. मग मी तिच्या पिशवीत डबा भरायला लागले.

पहिले सामने मिळाले ते शाळांचे, तेही लांबलांबचे. मी शाळेत शिकवते, त्यामुळे सुट्टी असली की तिच्याबरोबर एस.टी.त. गारगोटीचं मैदान तेवढं बरं होतं. राधानगरीकडं गेलो तेव्हा असा पाऊस, की मैदान कुठलं आणि भाताचं खाचर कुठलं हे चेंडूलाच कळेना. मी शाळेच्या वऱ्हांड्यात दोन्ही हातांत चपला धरून उभी, आणि ती चिखलात पोटऱ्यांपर्यंत रुतून पळतेय, शिट्टीत पाणी गेलं की झटकतेय, पुन्हा फुंकतेय. एक बारकं पोरगं तिच्यामागनं धावत ओरडत होतं, "ताई, हाप्साइड न्हवतं की! शप्पत न्हवतं!" ती थांबली, त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "व्हतं रं राजा." पोरगं बिचारं परत खेळायला पळालं. परतीच्या एस.टी.त आम्ही दोघी ओल्याचिंब, तिचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि तिच्या केसांना चिखलाचा वास. मला तो वास अजून नाकात आणता येतो. ती झोपेतही समाधानी दिसत होती, गुडघा सुजलेला असूनसुद्धा.

अशी ती वर चढत गेली. बारक्या स्पर्धा झाल्या, मग लाइनवरची झेंडी मिळाली. आणि मधल्या शिट्टीची गोष्ट निघाली तशी गाडी अडली. स्पर्धेच्या बैठकीला सगळ्या तालमींची माणसं असतात. तिथं कुणी म्हणालं नाही की पोरीला जमणार नाही. म्हणाले, "पोरगी वाघीण हाय. पर पेठ?" घरावर झेंडा, बाप कमिटीत, गॅलरीत बापाची आरोळी. अशा घरातली पोरगी शिट्टी वाजवणार आणि आम्ही ऐकायची? तिच्या पेठेची मॅच तिला नसली म्हणून काय झालं, दुसऱ्याच्या मॅचवरबी तिच्या पेठेचं गणित असतंच की. त्यांचंही काही चूक नव्हतं. आमच्या गावात माणसाला आधी पेठ असते, मग आडनाव.

यावर आमच्या दिनकररावांनी जी युक्ती काढली, ती फक्त कोल्हापूरकरालाच सुचावी. ते म्हणाले, सानूची पेठच बदलू. तिला मामाकडं गडहिंग्लजला पाठवली, असं जाहीर करायचं! मग ती आमची नाहीच. झालं, एका सकाळी मोठी बॅग रिक्षात, हे गल्लीच्या तोंडाशी उभे राहून ऐकू जाईल असं, म्हणजे बिंदू चौकात ऐकू जाईल असं, सांगतायत, "पोरगी चालली बरं का मामाकडं! आता तिकडंच ऱ्हाणार! कायमची!" सानू लाजून अर्धी झालेली. गेली, मामीच्या हातचं जेवली, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज होतं म्हणून संध्याकाळच्या एस.टी.नं परत आली. सकाळी दूध आणायला कट्ट्यावर गेली तर सगळे विचारतायत, "काय सानू, मामाकडनं कवा आलीस?" त्या दिवशी आमच्या घरात कोणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. मी मात्र पोट धरून हसले, मला नाही आवरत.

पण हसून प्रश्न सुटत नव्हता. सानूच एकदा म्हणाली. तिनं हट्ट केला नाही, रडली नाही. "पप्पा, तुमी तालीम सोडली न्हाईसा तर मला कधीच मिळणार न्हाय. आन तुमी सोडावं असं मी म्हणणार न्हाय." आणि उठून गेली.

हे कितीतरी दिवस फौंड्रीतनं यायचे, जेवायचे, गच्चीवर जाऊन बसायचे. मला वाटलं नाही होणार ह्यांच्यानं. माणसाला दारू सोडता येईल, तालीम कशी सोडता येणार? ती ह्यांच्या वडलांची, आजोबांची.  एका रविवारी सकाळी शिडी लावल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर हे झेंडा उतरवत होते. खाली गल्ली गोळा झालेली. कुणी ओरडलं, "दिनूदा, डोस्कं फिरलं काय?" ह्यांनी खाली येऊन झेंडा मुश्ताकभाईंच्या हातात दिला. मुश्ताकभाईंनी तो उगाचच दोनदा घडी केला. म्हणाले, "मी शिवलेला हाय, मलाच परत द्यायलास व्हय रं?" आणि दुकानात गेले. शटर अर्धं खाली ओढलं. त्याच दिवशी ह्यांनी कमिटीचाही राजीनामा दिला.

गल्लीतल्या बायका मला भेटायला आल्या, अगदी सुतक असल्यासारख्या. "कसं ग केलं भावजींनी? केवढं मोठं मन!" एकीनं तर डोळ्याला पदर लावला. मला आधी बरं वाटलं, मग जरा रागच आला. अहो, मी माहेर सोडताना माझी अख्खी टीम सोडून आले. माझ्या मोठ्या मनाबद्दल चकार शब्द नाही, साडी हातात दिली आणि झालं. पुरुषानं एक कापड उतरवलं तर गाव हळहळलं. हे मी ह्यांना बोलून दाखवलं. माझी बाजू घेण्याची ह्यांना सवय नाही, पण त्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसले. "तुला कसं वाटलंतं तवा?" म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं, सकाळी उठल्यावर आपण नक्की कुणाचे हे आठवायला क्षणभर वेळ लागायचा. ते म्हणाले, "आगदी आसंच हुतंय बघ."

मग सीझन लागला. मळ्यात रस्सा मंडळाची, म्हणजे तालमीच्या मटणाच्या जेवणाची, पंगत बसली, तांबड्या रश्श्याचा वास आमच्या खिडकीपर्यंत आला, बोलावणं आलं नाही. सामन्याच्या दिवशी गल्लीतनं हलगी वाजत जायची आणि हे टीव्हीचा आवाज वाढवून बसायचे. टीव्हीवर काय चाललंय ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मला त्यांची दया यायची, आणि भीतीही वाटायची, की एवढं करून पोरीला शिट्टी मिळाली नाही तर हे उरतील का? सानू रोज पहाटे पळायला जायची. बापलेकीचं बोलणं कमी झालेलं. दोघंही एकमेकांना घाबरत होते असं मला वाटतं.

मिळाली शिट्टी. खालची पेठ विरुद्ध घाटाकडची तालीम. खालच्या पेठेचा माणूसच बैठकीत म्हणाला म्हणे, "हिच्या बानं झेंडा उतरवलाय. आमाला चालंल." घरात आनंदानं काय करावं कळेना. आणि सामन्याच्या आदल्याच दिवशी दुसऱ्या एका मॅचचा निकाल असा उलटा लागला, की सगळं गणितच फिरलं. खालची पेठ हरली तरच आमची तालीम पुढच्या फेरीत जाणार. खालच्या पेठेनं नुसती बरोबरी केली तरी आमची बाहेर. म्हणजे आता सानूची प्रत्येक शिट्टी गाव याच गणितानं मोजणार. आमच्या बाजूनं गेली, तर शेवटी पेठेचीच निघाली म्हणणार, आणि मग तिला पुन्हा मधली शिट्टी कोण देतोय! सकाळी ती बुटांच्या नाड्या बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. हे दारातून म्हणाले, "मी येणार न्हाय मॅचला. मला आवरायचं न्हाय." ती "बरं" म्हणाली आणि गेली.

दुपारी हे मला म्हणाले, "जाऊया काय?"

गेलो. आणि आत शिरल्यावर हे थांबलेच. आमच्या स्टेडियममध्ये प्रत्येक तालमीचा कोपरा ठरलेला असतो. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण चुकत कुणी नाही. आमच्या पेठेचा कोपरा भरलेला, मुश्ताकभाईंची हलगी चाललेली. तिकडं जायचं नाही. खालच्या पेठेत जाता येत नाही, घाटाकडच्यांत जायचा प्रश्न नाही. आयुष्यभर ज्या गॅलरीत वावरले, तिथं हा माणूस हातात दोन तिकिटं घेऊन बावरून उभा होता. शेवटी पश्चिमेच्या उन्हाकडं तोंड करून असलेल्या पायऱ्या रिकाम्या होत्या. तिथं कोणीच बसत नाही, डोळ्यांवर ऊन येतं. तिथं बसलो. मी पदर डोक्यावर घेतला, ह्यांनी रुमाल.

सानू मैदानात आली. एवढ्या मोठ्या मैदानात ती इतकी बारकी दिसेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं शिट्टी वाजवली. आणि पहिल्या निकालालाच गॅलरीतनं आलं, "ए रेफ्रीऽऽ, तुझ्या आईला..." पुढचं तुम्ही जाणता. आईला म्हणजे मला. मी तिथंच बसले होते, मांडीवर पिशवी, पिशवीत तिच्यासाठी आणलेले गूळ-शेंगदाणे. तासभर अख्खं कोल्हापूर माझी आठवण काढत होतं. हे खाली मान घालून बसलेले. एकदा म्हणाले, "ऐकू नगोस." मी म्हटलं, "तुम्ही ओरडायचा ते ह्याच्यापेक्षा वाईट होतं." रागानं नाही म्हटलं, जे होतं ते म्हटलं. त्यांनी माझ्या पिशवीवर हात ठेवला.

खेळ संपत आला, अजून बरोबरी. म्हणजे आमची तालीम बाहेर. मला खरं तर हायसं वाटायला लागलं होतं, सुटली पोरगी म्हणून. तेवढ्यात आमच्या समोरच, गोलपुढच्या डीमध्ये, घाटाकडच्यांचा पोरगा चेंडू घेऊन शिरला आणि खालच्या पेठेच्या खेळाडूनं मागनं त्याची जर्सी ओढली. आम्ही बसलो होतो तिथून इतकं स्वच्छ दिसलं, की मी "अगंबाई" म्हणाले. सानूनं शिट्टी वाजवली. पेनल्टी. तिनं हात त्या पांढऱ्या ठिपक्याकडं केला, आणि चेंडू तिथं ठेवेपर्यंत खाली घेतला नाही.

गोल झाला. आमच्या पेठेचा कोपरा फुटला नुसता! हलगी, गुलाल, जर्सी हवेत. आणि खालच्या पेठेतनं एक जण पायऱ्यांवर उभा राहून ओरडला, "आरं, बघा रं, हिचा बा कुठं हाय! नाचत असंल बघा!"

आणि लोक शोधायला लागले. एकानं बोट केलं. मग दुसऱ्यानं. बघता बघता अर्ध्या स्टेडियमच्या माना आमच्याकडं वळल्या.

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांची तालीम पुढच्या फेरीत गेली होती. समोर मुश्ताकभाई हलगी बडवत होते, आणि त्या ठेक्यावर हा माणूस लहानपणापासून नाचत आला होता. गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, पायाची बोटं चपलेत रुतलेली. मला वाटलं, आता उठणार. उठले असते तर मी दोष दिला नसता. पण सानूचं सगळं संपलं असतं. हे उठले नाहीत. हसले नाहीत. समोर मैदानाकडं, उन्हाकडं, डोळे उघडे ठेवून बघत राहिले, डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं तरी पुसलं नाही. हात मांडीवर, शाळेत फोटोला बसवतात तसे. बघणारे बघून बघून कंटाळले. बोट करणारा खाली बसला. खालच्या पेठेतला एक म्हातारा कुणाला तरी म्हणाला म्हणे, "बा तर हललाबी न्हाय रं. पेनल्टी व्हती म्हंजे."

सामना संपल्यावर आम्ही मागच्या दरवाजाशी जाऊन थांबलो. गर्दी ओसरल्यावर सानू बाहेर आली, बॅग खांद्यावर, चेहरा धुळीनं भरलेला. मी येणार हे तिला माहीत होतं. माझ्यामागं हे दिसले आणि ती थबकली.

"पप्पा? तुमी आलतासा?"

"आलतो की."

तिच्या तोंडचा रंग गेला. तिनं आमच्या पेठेच्या कोपऱ्यातली हलगी ऐकलेली, गुलाल बघितलेला. घाबरत घाबरत विचारलं, "कुठं बसलतासा?"

"उन्हात," हे म्हणाले. "तुझी मॅच बघायलो हुतो."

एवढ्या गॅलरीच्या शिव्या खाऊन कोरडी राहिलेली माझी लेक तिथं, दरवाजावरच्या बंदोबस्ताच्या सगळ्या पोलिसांदेखत, बापाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.